इंदूबाईंनी डकवलेली पानं

पुस्तक परत करायला गेलं की इंदूबाई ते मागून उघडायच्या. नाव नाही, नंबर नाही, आधी शेवटची चार पानं. अंगठ्याला जीभ लावून ती मोजायची, खिडकीच्या उजेडाकडे धरायची, आणि जागच्या जागी असली तरच समोरच्या माणसाकडे बघायचं. नसली तर चष्म्याच्या वरून एकच प्रश्न यायचा, "शेवट कुठी ठेवून आले?" समोर शाळकरी पोर असो की तलाठी, प्रश्न तोच आणि सूरही तोच. तलाठ्यांना तर त्यांनी एकदा खरंच घरी परत पाठवलं होतं. बायकोच्या पोथीत खूण म्हणून घातलेलं पान ते हुडकून घेऊन आले, तेव्हा कुठे पुढचं पुस्तक मिळालं.

आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल या तालुक्याच्या गावाहून एसटीनं अर्ध्या तासावर. मोठा तलाव, त्याला बांध घालणाऱ्या पाळीवर मोहाची झाडं, खाली धानाच्या बांध्या, आणि ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत वाचनालय. इंदूबाई निकुरे तिथल्या ग्रंथपाल. कागदावर त्यांचा हुद्दा 'सेविका' असा होता, कारण ग्रंथपाल म्हटलं की शिक्षण लागतं आणि त्या सातवी पास होत्या. ढिवरांच्या मोहल्ल्यातल्या, नवऱ्यानं टाकलेल्या, भावाकडे राहणाऱ्या. भाऊ तलावात जाळं टाकायचा. घरी बाईंची जागा मागच्या अंगणात, मासळी साफ करायच्या पाटावर. दुपारी तीन ते सात मात्र त्या खिडकीजवळच्या खुर्चीवर बसायच्या आणि आल्यागेल्याला "थांबा जरासक" म्हणायच्या. त्यांच्या मोहल्ल्यातली कुठलीच बाई तोवर गावात कोणाला खुर्चीवर बसून थांबा म्हणाली नव्हती. बाई सचिवांनाही म्हणायच्या. सचिवांना ते कधी विसरता आलं नाही.

सचिव म्हणजे वाचनालयाच्या कमिटीचे सचिव, निवृत्त हेडमास्तर. सगळं गाव त्यांना मास्तर म्हणायचं. त्यांचा स्वतःच्या खर्चानं छापलेला एक काव्यसंग्रह होता. त्याच्या पाच प्रती दारासमोरच्याच फळीवर, दिसतील अशा उभ्या करून ठेवलेल्या असत. तो कोणी नेत नसे. मास्तर विचारत, "इंदूबाई, आमचं पुस्तक कसं चाललंय?" बाई सरळ चेहऱ्यानं सांगत, "लय मजबूत हाये, मास्तर. एकबी पान फाटलं नाई अजून." मास्तर खूश होऊन जायचे. हे उत्तर त्यांना कळायला दहा वर्षं लागली, आणि कळलं ते नेमकं नको त्या वेळी.

वाचनालयातली पुस्तकं नागपूरच्या जुन्या बाजारातून पोत्यानं यायची. त्यातल्या रहस्यकथांना गावात सर्वात जास्त मागणी, आणि नेमका रहस्यकथांचाच शेवट फाटलेला असायचा. जुन्या पुस्तकाचं शेवटचं पान आधी सुटतं, शिवाय त्यावर हात फार पडतात. एक काळ असा होता की गावात हेर कर्णिकांच्या सगळ्या कादंबऱ्या होत्या, पण एकाही कादंबरीत खुनी सापडत नव्हता. मग एका पावसाळ्यात पुस्तकांना शेवट येऊ लागले. रेघी कागदावर, निळ्या शाईनं, गोल गोल अक्षरात लिहिलेली चार-पाच पानं, भाताच्या खळीनं नीट डकवलेली. बाईंनी मूलच्या वाचनालयातल्या चांगल्या प्रतींवरून ती उतरवून आणली असणार, असं सगळ्यांनी धरून चाललं. कोणी विचारलं नाही आणि बाई काही बोलल्या नाहीत.

माझं सगळं बालपण त्या पानांवर गेलं. सर्वात आवडती कादंबरी अलिबागच्या मावशीच्या खुनाची. अलिबागला समुद्रकाठी बंगला, बंगल्यात श्रीमंत मावशी, तिला विष घालून मारलेलं, आणि संशय तिघांवर: भाचा, डॉक्टर आणि भांडी घासणारी गंगू. छापील पुस्तक संपायचं "कर्णिकांनी दार उघडलं आणि" या शब्दांवर. पुढे बाईंचं अक्षर. कर्णिक दार उघडून मागच्या पाळीवर येतात. दिवस चैत्राचे. गंगू त्यांना म्हणते, "साहेब, मोहफूल पहाटे गळते. या एकाच झाडाखाली संध्याकाळी सडा कसा पडला?" कर्णिक वर बघतात. भाचा फांदीवर लपून बसलेला असतो. पोलीस त्याला उतरवतात, बंगला गंगूच्या नावावर होतो, आणि कर्णिक तिच्या हातची मासळी भात चुरून खातात. आमच्यापैकी कोणी समुद्र पाहिलेला नव्हता. अलिबागच्या बंगल्यामागे तलावाची पाळ असते आणि पाळीवर मोह असतो, यात आम्हांला काहीच वावगं वाटलं नाही. पाळीवर आणखी काय असणार?

हे खूळ माझ्या डोक्यातून निघायला दोन हजार चार साल उजाडलं. मी तोवर पुण्याला कॉम्प्युटरच्या नोकरीत चिकटलो होतो. इंटरनेटवर जुन्या मराठी रहस्यकथांच्या वेड्यांचा एक कट्टा होता. तिथं लोक कर्णिकांवर वाद घालायचे, आणि त्याहून मोठं म्हणजे कर्णिकांच्या नव्या गोष्टी स्वतः लिहून टाकायचे. एक दिवस तिथं 'कर्णिकांचा सर्वोत्तम तपास' असा विषय निघाला. मी हौसेनं मोहफुलांचा प्रसंग लिहिला. अर्ध्या तासात माझी शोभा झाली. अलिबागला मोह? नारळ म्हणा, सुपारी म्हणा, अगदी सुरू म्हणा. कुठली आवृत्ती वाचलीत, आदिवासी विकास आवृत्ती का? मग एका भल्या माणसानं मूळ शेवट टंकून टाकला. खुनी गंगू होती. बांगडीच्या लोभानं तिनं मालकिणीला विष घातलं होतं.

मी ते तीनदा वाचलं. शरमेनं कान तापले होते, पण खरा राग आला तो गंगूला धरलं म्हणून. दिवाळीत गावी गेलो तो तडक वाचनालयात. बाईंपुढे उभा राहून म्हणालो, "बाई, अलिबागच्या मावशीला गंगूनं मारलं होतं."

बाईंनी दारातून बाहेर कोणी नाही ना ते पाहिलं. "कोन म्हनते?"

"लेखक म्हणतो. मूळ पुस्तकात तसं आहे."

"असन." त्यांनी समोरचं पुस्तक मिटलं. मग म्हणाल्या, "म्हंजे त्याईच्या घरी भांडे घासाले बाई होती, पन त्याईनं तिच्याकडं कधी पाह्यलं नाई. दिवसभर राखेत हात घालनाऱ्या बाईले विष कोनतं अन् किती, हे कोनं शिकवलं? मले नाई पटत. आपला शेवट बरा."

"म्हणजे सगळे शेवट तुम्ही लिहिले?"

"मंग का पुस्तकं तशीच देऊ, डोक्याबिगर?" आणि लगेच आवाज खाली आला. "पाह्य बाबू, हे तुह्याजवळच ठेवजो. वाचनालयाच्या पुस्तकात मी आपल्या मनानं लिहून राह्यली हे कमिटीले समजलं, तं हे खुर्ची गेली समज. मंग मी कुठी बसू?"

मी त्यांना कट्ट्याबद्दल सांगितलं. पुण्या-मुंबईचे, अमेरिकेतलेसुद्धा लोक दुसऱ्याच्या पात्रांवर आपल्या गोष्टी लिहितात आणि सगळ्यांना वाचायला देतात, हे ऐकून त्या इतक्या हसल्या की चष्मा काढावा लागला. "म्हंजे हा रोग मले एकटीलेच नाई!" ती त्यांच्या आयुष्यातली मोठी बातमी होती. आपल्यासारखे आणखी आहेत हे त्यांना पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं, आणि त्याचं श्रेय मी कितीतरी दिवस मनात मिरवलं. त्या त्यांचे शेवट मला पाठवायला तयार झाल्या. एकच अट घातली. "नाव नाई अन् गाव नाई. दुसऱ्याच्या घरी पाहुनी गेली बाई दारावर आपल्या नावाची पाटी लावते का?" मी कबूल केलं. हातावर हात मारून कबूल केलं.

मग सुरू झाला एक विचित्र पत्रव्यवहार. बाई रेघी कागदावर लिहून पाकीट पुण्याला टाकायच्या. मी टंकून 'मोहफूल' या टोपणनावानं कट्ट्यावर चढवायचो. लोक दहा मिनिटांत अभिप्राय द्यायचे. ते मी छापून पोस्टानं गावी पाठवायचो, आणि बाईंचं उत्तर तीन आठवड्यांनी यायचं. तोवर भांडणारे भांडून, दमून, दुसऱ्या विषयाला लागलेले असत. तरी लोक त्या उत्तरांची वाट बघू लागले, कारण बाई गोष्टीबरोबर नव्या लेखकांना सल्लेही द्यायच्या. मी ते शुद्ध करून टाकत असे, तो माझा आगाऊपणा. मूळ सल्ले असे होते.

"दुसऱ्याच्या हेराले आपल्या गोष्टीत बोलावलं, तं पयले जेवाले घाला. चार पानं झाले, मानूस नुसता धावून राह्यला. उपाशीपोटी त्याले चोर कसा सापडन?"

कट्ट्यावरच्या निम्म्या मंडळींना कर्णिकांचं त्यांच्या टंकलेखिकेशी, मालतीशी, लग्न लावायचं होतं. बाईंनी लिहिलं, "लगन लावू नोका. लगन झालं का हेरगिरी बंद. मंग तो पिशवी घेऊन बजारात जाईन अन् मालती इचारन, कांदे कायले आनले. हे वाचाले पुस्तक कायले पाह्यजे?"

कोणीतरी स्वतःसारखीच एक हुशार, देखणी नायिका गोष्टीत घातली होती, जिच्यावर कर्णिकांसकट सगळे भाळतात. त्यावर बाईंचं पत्र आलं, ते माझं सर्वात आवडतं. "मीबी घातली होती. इंदुमती नावाची. गोरी, मॅट्रिक पास, घोड्यावर बसे. कर्णिकले बोलूच देत नोहोती. तिसऱ्या पानावर मीच तिले तलावात ढकलली. ज्यानं त्यानं आपापली इंदुमती स्वतःच्या हातानं बुडवावी. दुसऱ्यानं बुडवली तं लय लागते."

अभिप्रायांबद्दल त्यांचं मत होतं की 'छान' म्हणणाऱ्यानं गोष्ट वाचलेलीच नसते. "ज्यानं शिव्या देल्या त्यानं शेवटपरेंत वाचलं. त्याले पानी द्या." आणि भांडणांबद्दल: "ज्याचं तोंड दिसत नाई त्याच्यासंगं भांडू नाई. तो रडून राह्यला का हसून राह्यला, ते समजत नाई. आपुनच मूर्खावानी उभे राह्यतो." हा सल्ला मी टंकला, सुधारला, लोकांनी त्याची वाहवा केली. मी स्वतः तो ऐकला नाही.

एकदा मी त्यांना मूलला घेऊन गेलो. बसस्टँडच्या मागे नवं सायबर कॅफे निघालं होतं. प्लायवूडच्या खोक्यात दोन खुर्च्या, आणि बाई पदर सावरून अशा बसल्या की जणू परीक्षेला आल्यात. पडद्यावर त्यांची गोष्ट वरून खाली, रेघ रेघ करत उतरायला लागली. त्या ओठ हलवत वाचत होत्या. अर्ध्यावर लाइन तुटली. खालचा भाग पांढराच राहिला. बाईंनी पडद्याच्या मागे डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "घ्या! इथीबी शेवट फाटलेलाच हाये." परतीच्या एसटीत त्यांनी खिडकीजवळची जागा धरली. उतरताना फक्त म्हणाल्या, "चांगलं दिसत होतं रे. छापल्यावानी."

हे असं सव्वा वर्ष चाललं. ते तसंच चालत राहिलं असतं. माझ्याच जिभेला हाड नव्हतं. एकदा कौतुकाच्या भरात मी लिहून गेलो की या गोष्टी माझ्या नाहीत, आमच्या गावच्या एका बाईंच्या आहेत. त्यावर 'दर्यावर्दी' नावाच्या एका सभासदानं चार ओळी खरडल्या. थापा पुरे. ही सराईत लेखणी आहे, कोणीतरी मुंबईचा व्यावसायिक लेखक मजा करतोय. खेड्यातल्या बाईला एवढं सुचत असतं तर आणखी काय हवं होतं.

मी त्या माणसाला कधी पाहिलं नाही. तो कोण, काय करतो, आज जिवंत आहे की नाही, मला ठाऊक नाही. त्याला खोटं पाडण्यासाठी मी एका बैठकीत सगळं लिहिलं. इंदूबाई निकुरे. गाव अमुक. सातवी पास. वाचनालयात सेविका. फाटक्या पुस्तकांना पंधरा वर्षं स्वतःचे शेवट डकवतात आणि गावाला पत्ता नाही. एका पानाचा फोटोही जोडला, खळीच्या डागासकट. दर्यावर्दीनं माफी मागितली. पन्नासेक लोकांनी बाईंना आणि त्याहून जास्त लोकांनी मला दाद दिली. मी त्या दिवशी फार सुखात होतो, आणि हे लिहिताना लपवून काय करू, त्या सुखात बाई अगदी थोड्या होत्या, बाकी सगळा मीच होतो.

कट्ट्यावर नागपूरच्या एका वर्तमानपत्रात काम करणारा सभासद होता. त्यानं मला न विचारता रविवारच्या पुरवणीत अर्धा रकाना छापला. हेतू चांगलाच होता. या सगळ्या प्रकरणात वाईट हेतू कोणाचाच नव्हता, हेच तर रडू आहे. आमच्या गावात वर्तमानपत्र वाचनालयातच यायचं, आणि ते पहिल्यांदा उघडायचा मान सचिवांचा होता.

मास्तरांनी तो मजकूर वाचला. गावातली माणसं सांगतात, त्यांनी तो दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि तिसऱ्यांदा वाचला. आयुष्यभर कविता केल्या तरी त्यांच्याबद्दल कुठे अर्धा रकाना आला नव्हता. मजबूत पुस्तकाचा अर्थही त्यांना बहुधा त्याच दुपारी लागला. आठ दिवसांत कमिटी बसली. सार्वजनिक मालमत्तेचं विद्रूपीकरण, वाचकांची दिशाभूल, मूळ लेखकाचा अपमान, असे शब्द ठरावात आले. जिल्ह्याहून तपासणी येणार आहे, त्याआधी सगळी पुस्तकं 'पूर्ववत' करावीत, असं ठरलं. आणि ज्यानं डकवलं त्यानंच काढावं, म्हणजे पुस्तकाला इजा होणार नाही. ही सूचनाही मास्तरांचीच.

बाईंनी काढलं. चार दिवस त्या खिडकीजवळ बसून, ओल्या फडक्यानं खळ भिजवून, दाढीच्या ब्लेडनं एकेक पान सोडवत होत्या. कोणी त्यांच्या बाजूनं बोललं नाही. ज्यांनी पंधरा वर्षं ती पानं वाचली, ते लोक दारातून डोकावून जात होते. काहींना तर राग आला होता, आपल्याला फसवलं म्हणून. पाचव्या दिवशी बाईंनी किल्ली टेबलावर ठेवली. त्या खुर्चीवर मास्तरांचा पुतण्या बसला. चाळिशीचा, बीए झालेला, पुस्तक कधी मागून न उघडणारा.

मला हे महिनाभर माहीत नव्हतं. मी पुण्याला त्या अर्ध्या रकान्याच्या झेरॉक्स काढून ऑफिसात वाटत होतो. एक बाईंनाही पाठवली होती, वर 'अभिनंदन!' लिहून. पत्राचं उत्तर आलं नाही तेव्हा होळीला गेलो. वाचनालयात पुतण्या. विचारलं तर म्हणाला, पाळीवर असतील.

बाई मोहाखाली पाटावर बसून झिंगे निवडत होत्या. मला पाहून सरकल्या, बसायला जागा केली. मी सगळं बोललो. माफी मागितली, मास्तरांना शिव्या दिल्या, दर्यावर्दी काय म्हणाला ते सांगितलं, तुमचा अपमान मला सहन झाला नाही म्हणालो. त्या हात न थांबवता ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "मंग, भांडन तू जिंकला न बाबू?"

"हो," मी म्हणालो.

"झालं तं मंग."

मग मी विचारलं, ती काढलेली पानं कुठे आहेत? मला द्या, मी जपून ठेवतो.

"झिंग्याईत गेले," त्या म्हणाल्या. "बजारात पुड्या बांधाले कागद लागतेच." मग माझ्या तोंडाकडे बघून, जरा नरमाईनं, "लय रडू नोको. गिऱ्हाईक वाचत होते ते. एक बाई तं परत आली, पुढची पुडी कोनती म्हनून." त्या हसल्या. मला हसता आलं नाही. पुढे त्यांनी एक ओळ लिहिली नाही. मी कागदाची रिमं नेऊन दिली, ती त्यांच्या भावाच्या घरात तशीच पडून राहिली. मी दर सुट्टीत भेटायचो, त्या चहा करायच्या, पावसाचं आणि मासळीचं बोलायच्या. 'बाबू'च म्हणायच्या. एकदा तरी त्यांनी मला घालूनपाडून बोलावं म्हणून मी वाट बघितली. त्यांनी मला तेवढंही दिलं नाही.

दोन हजार नऊच्या पावसाळ्यात त्या तापानं गेल्या. त्याच वर्षी कट्टाही बंद पडला. फुकट जागा देणाऱ्या कंपनीनं दुकान गुंडाळलं आणि आतलं सगळं गेलं. इंटरनेटवर टाकलेलं कधी हरवत नाही, असं मी बाईंना मोठ्या रुबाबात सांगितलं होतं. माझ्याकडे प्रत नव्हती. असावी असं कधी वाटलंच नव्हतं.

आणि मग आमच्या गावानं कमाल केली. पुढच्या वर्षी वाचनालयाच्या त्याच खोलीत, त्याच टेबलाच्या वर, बाईंचा फोटो लागला. खाली तो अर्धा रकाना, चौकटीत. दारावर नवी पाटी: 'इंदूबाई निकुरे वाचन कक्ष'. गावाचं नाव पेपरात आलं ते त्यांच्यामुळे, हे आता सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. कार्यक्रमाला मास्तर अध्यक्ष होते. बोलताना त्यांनी दोनदा चष्मा पुसला, आणि मला खात्री आहे की तो खरंच ओला झाला होता. प्रमुख पाहुणा म्हणून मला बोलावलं होतं, बाईंना 'जगासमोर आणणारा' म्हणून. मी गेलो. नारळ घेतला, शाल घेतली, वीस मिनिटं बोललो. टाळ्या पडल्या. वर फोटोत त्या चष्म्याच्या वरून बघत होत्या.

कार्यक्रम संपल्यावर पायरीवर चपला शोधत होतो, तर एक म्हातारी येऊन उभी राहिली. ढिवर मोहल्ल्यातलीच, हातात एक पुस्तक. म्हणाली, "तुमी पुन्याचे साहेब न? हे नातीनं वाचून दाखवलं मले. अर्ध्यातच सरलं. आत मास्तरच्या पुतन्याले इचारलं तं म्हनते, पानं फाटले हायेत. तुमाले माहीत असन, गंगूचं काय झालं?"

पुस्तक मी मागून उघडलं. "कर्णिकांनी दार उघडलं आणि". खाली खळीचा पिवळा डाग.

मी त्या पायरीवर शाल बाजूला ठेवून बसलो आणि त्यांना शेवट सांगितला. जसा लिहिला होता तसा, आठवेल तेवढा. पाळ, चैत्र, संध्याकाळी पडलेला सडा, वर फांदीवर भाचा. गंगूला बंगला मिळाला. कर्णिक मासळी-भात जेवले. हे कोणी लिहिलं ते सांगितलं नाही. म्हातारीनं मान हलवली, पुस्तक छातीशी धरलं, दोन पावलं गेली आणि वळली.

"पन साहेब," ती म्हणाली, "अलिबागले मोह रायते का?"

एवढ्या वर्षांत आमच्या गावात हे कोणी विचारलं नव्हतं. मी तोवर अलिबागला दोनदा जाऊन आलो होतो.

"रायते," मी म्हणालो.